मनीवर जीव जडतो तेव्हा

९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात एक मांजर जुन्या विहिरीत पडलं. ती विहीर पाण्याची राहिली नव्हती. बायोगॅसचा खड्डा म्हणून ती वापरात होती, आत शेणाची स्लरी साठलेली होती. मांजराला काढायला एक जण उतरला, तो वर आला नाही. त्याला काढायला दुसरा गेला, मग तिसरा. असे एकामागून एक सहा जण उतरले. कमरेला दोर बांधलेला तेवढा एक वाचला. पाच जण गेले.

दुसऱ्या दिवशी ही बातमी सगळ्यांच्या मोबाईलवर फिरली. एका मांजरापायी पाच माणसं, असं जो तो म्हणत होता. कोणी हळहळलं, कोणी चक्क हसलं. त्या हसण्याचा मला राग आला. एक तर पहिला सोडला तर बाकीचे सगळे माणसासाठी उतरले. आणि तो पहिलासुद्धा वेडा नव्हता. आपल्या वस्तीत पत्र्यावर अडकलेलं पिल्लू काढायला विजेच्या वायरीखालून चढणाऱ्या बाया आणि पोरं मी पाहिलेली आहेत. जीव ओरडत असतो तेव्हा कोणी हिशेब करत बसत नाही.

म्हणून या महिन्याचं आरोग्याचं पान मांजरावर. हसू नका. ज्या घरात मांजर आहे त्या घराच्या आरोग्यात मांजरही आहे.

आधी त्या खड्ड्याचं सांगते, कारण असे खड्डे आपल्याकडेही आहेत. शेण, मळी, घाण कुजली की तिच्यातून वायू सुटतात. मिथेनला वास नसतो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी बसतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण तो जास्त झाला की नाकाला वास कळणंच बंद होतं, आणि माणसाला वाटतं की आता वास गेला. खाली श्वास घ्यायला प्राणवायूच उरलेला नसतो. दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. ओरडायलाही वेळ मिळत नाही. वरच्याला वाटतं की हा पाय घसरून पडला, आणि तोही उतरतो. पोहता येणं, अंगात ताकद असणं, यातलं काहीच तिथे कामाला येत नाही.

अशा खड्ड्यात मांजर पडलं तर टोपलीला किंवा पाटीला दोर बांधून खाली सोडा. लांब बांबू किंवा फळी तिरपी लावा, बांबूला पोतं गुंडाळा म्हणजे नख्या रुततील. मांजर शुद्धीवर असेल तर स्वतः चढतं. नसेल, तर तुम्ही उतरून ते वाचणार नाही. माणूस पडला असेल तर ११२ ला फोन करा, १०८ ची गाडी बोलवा, आणि उतरू पाहणाऱ्याला धरून ठेवा. जुन्या विहिरीत कंदील सोडून बघायची पद्धत इथे अजिबात नको, मिथेन पेट घेतो. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये आपली माणसं याच वायूंनी मरत आली आहेत. तसं उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी उतरवतात. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं, लिहीन.

आता मूळ गोष्ट. मांजरात एवढा जीव गुंततो कसा?

घरोघर माहिती घ्यायला गेलं की पहिला प्रश्न असतो, घरात माणसं किती? एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाया पुष्कळदा सांगतात, मी आणि माझी मनी. फॉर्मवर मी एकच लिहिते, दुसरा रकाना नसतो. पण ऐकून पुढे जात नाही. मुलगा-सून कारखान्यावर ऊसतोडीला, नातवंडं त्यांच्याबरोबर किंवा वसतिगृहात. दिवाळीनंतर गेलेली माणसं उन्हाळ्यात परत येणार. पाच-सहा महिने त्या घरात आवाज असतो तो मनीचा. आजी सकाळी उठते कारण मनी दाराशी ओरडते. चूल पेटते कारण मनीला भाकरीचा कुस्करा द्यायचा असतो, मग आजीही दोन घास खाते. रात्री पायाशी कोणीतरी ऊबदार झोपलेलं असतं. नर्सिंगच्या पुस्तकात एकटेपणावर असं औषध लिहिलेलं नव्हतं, पण माझ्यासमोर ते लागू पडताना दिसतं. (मांजर कुरवाळलं की बीपी उतरतं असं कोणी मोबाईलवर पाठवलं म्हणून गोळी मात्र सोडू नका.)

लोक म्हणतात, कुत्रं माणसाचं असतं आणि मांजर घराचं. खाणं मिळतं तिथे जातं, त्याला माया कसली! हे शास्त्रज्ञांनी तपासून पाहिलं आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीत २०१९ साली मांजराच्या पिल्लांवर एक प्रयोग झाला. अनोळखी खोलीत पिल्लू मालकाबरोबर दोन मिनिटं ठेवायचं, मग मालकाने बाहेर जायचं, दोन मिनिटांनी परत यायचं. लहान मुलाचं आईशी नातं कसं आहे हे पाहायला जी पद्धत वापरतात तीच. शंभरातली साधारण ६४ पिल्लं मालक परत येताच शांत झाली, त्याला भेटली आणि निर्धास्तपणे खोलीत हिंडू लागली. माणसाच्या बाळांमध्येही हे प्रमाण जवळजवळ एवढंच सापडतं. म्हणजे आपण जवळ असलो की मांजराला सुरक्षित वाटतं.

जपानमधला प्रयोग मला जास्त आवडला. २०१३ साली २० मांजरांना त्यांच्याच घरात आवाज ऐकवले, आधी परक्या माणसांचे, मग मालकाचा. मालकाचा आवाज आला की कान हलायचे, मान वळायची. ओळख पक्की होती. पण बहुतेकांनी उठायची तसदी घेतली नाही! ज्यांच्या घरी बोका आहे त्यांना हे वाचून नवल वाटणार नाही.

तिसरी गोष्ट घरी करून बघण्यासारखी आहे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात २०२० मध्ये असं दिसलं की माणसाने मांजराकडे बघत सावकाश डोळे मिटले-उघडले तर मांजरही डोळे बारीक करून उत्तर देतं, आणि परकं माणूस असलं तरी जवळ यायला तयार होतं. मांजराला रोखून बघणं आवडत नाही. लहान मुलांना हे शिकवा. मुलं प्रेमाने पकडायला जातात, दाबून धरतात, शेपटी ओढतात, आणि मग बोचकारा बसतो.

मांजर आपल्या दारी आलं ते आपण बांधून आणलं म्हणून नाही. माणसाने धान्य साठवलं, धान्याला उंदीर आले, उंदरामागे मांजर आलं. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. आपल्या कन्नड तालुक्यात पिशोर म्हणा, नाचनवेल म्हणा, मक्याची आणि बाजरीची पोती ज्या खोलीत रचलेली असतात त्याच खोलीत माणसं झोपतात. तिथे मांजर कामाचंही असतं आणि मायेचंही. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, काढायची गरजही नाही.

इथे एक बोललंच पाहिजे. आपल्यातल्या काही जुन्या माणसांना मांजराचे लाड आवडत नाहीत, आणि त्याला कारण आहे. १४ ऑगस्ट १९३१ ला मुंबईत मणिभवनात बाबासाहेब गांधीजींना भेटले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, की ज्या देशात आम्हाला कुत्र्या-मांजरांपेक्षा वाईट वागवलं जातं, प्यायला पाणी मिळत नाही, त्याला मी मायभूमी कसं म्हणू? ज्या घरांत मांजर चुलीपर्यंत जात होतं त्या घरांच्या ओट्यावर आपल्या आज्यांना चढू दिलं जात नव्हतं. ही तुलना अंगावर वागवलेली माणसं अजून आपल्यात आहेत. नातीने मांजर मांडीवर घेतलं की एखादे आजोबा चिडतात, ते मला समजतं. पण त्या वाक्यातला आरोप माणसांवर होता, मांजरावर नव्हता. नातीला हे सांगावं, आणि मांजर मांडीवर राहू द्यावं. आडवं गेलं म्हणून थांबणं मात्र आपल्या घरात नको. ते त्याच्या वाटेने जात असतं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. मायेपोटी आपण दवाखान्याची वाट टाळतो.

कुत्रं चावलं की लोक पळत येतात. घरच्या मांजराने बोचकारलं किंवा दात लावला तर येत नाहीत. "सिस्टर, ती घरचीच आहे, तिला काय झालंय?" हे उत्तर मला पाठ झालं आहे. पण मांजर दिवसभर कुठे हिंडतं, कोणाशी भांडून आलं, हे आपल्याला माहीत नसतं. पिसाळलेलं कुत्रं मांजराला चावलं तर रेबीज मांजरालाही होतो आणि मांजराकडून माणसाला होतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लक्षणं दिसण्याआधी लस घेतली तर वाचतो. मधला मार्ग नाही.

मुलांचं आणखी वेगळं आहे. मुलं जखम लपवतात. सुई टोचतील म्हणून लपवतात असं आपल्याला वाटतं, पण त्यांच्याशी नीट बोललं की खरं कारण निघतं. आई मनीला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येईल, ही त्यांची भीती असते. मूल मनीला वाचवत असतं. म्हणून तुमच्या घरात मांजर असेल तर आजच मुलाला जवळ घेऊन सांगा, की मनीने चावलं, बोचकारलं तर मला लगेच सांगायचं, मी मनीला सोडून येणार नाही. आणि हा शब्द पाळा. एकदा मोडलात तर पुढच्या वेळी मूल सांगणार नाही. उपाशी मरेल अशा ठिकाणी पाळलेलं जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हाही आहे.

चावा किंवा बोचकारा बसला, कातडी थोडी जरी फाटली, तर आधी नळाखाली किंवा तांब्याने पाणी ओतत साबणाने जखम १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून १५ मिनिटं. घाईत दोन मिनिटं धुतलेलं पुरेसं होत नाही. हळद, चुना, तिखट, तंबाखू काही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका. मग त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस तिथे मोफत असते. पोटात १४ इंजेक्शनं हा जुना काळ झाला. आता दोन्ही दंडांवर कातडीत थोडी थोडी लस देतात. पहिल्या दिवसाला शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत आणि तिच्याभोवती सीरम नावाचं आणखी एक इंजेक्शन लागतं, ते आठवणीने विचारा. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं, त्याने रेबीज थांबत नाही. मजुरी बुडते म्हणून तिसरा आणि चौथा डोस सोडू नका.

मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवायचं, पण लस सुरू केल्यानंतर. दहा दिवस वाट बघून मग लस, असं उलटं नाही. मांजर दहा दिवसांनीही ठणठणीत असेल तर पुढचं डॉक्टर ठरवतील. एरवी गरीब असलेलं मांजर अचानक अंगावर येऊ लागलं, अंधारात दडून बसलं, लाळ गाळू लागलं, मागचे पाय ओढू लागलं, तर त्याला हात लावू नका. कितीही लाडकं असलं तरी मांडीवर घेऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्याला रेबीजची लस टोचून घ्या, नंतर दरवर्षी. मांजरीची आणि मुलांची दोघांचीही काळजी त्यात येते.

मायेतून होणारी दुसरी गोष्ट लहान वाटते, पण मांजराचा जीव घेते. मांजर आजारी पडलं, अंग गरम लागलं की घरातली तापाची गोळी अर्धी करून दुधात देतात. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. आपलं शरीर ती गोळी पचवतं, मांजराचं पचवू शकत नाही. अर्धीही नको, पावही नको. कांदा-लसूण घातलेला रस्साही त्याला चांगला नाही. आणि मोठ्या मांजराला दूध पाजलंच पाहिजे असं नाही, पुष्कळांना त्याने जुलाब होतात. स्वच्छ पाणी आणि बिनमसाल्याचा मासळीचा किंवा मटणाचा शिजलेला तुकडा चालतो.

घरात सून गरोदर राहिली की मांजर हाकलायची घाई होते. टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू मांजराच्या विष्ठेतून येतो आणि गर्भाला इजा करू शकतो, हे खरं आहे. पण विष्ठेतला तो जंतू लगेच लागत नाही, लागण करण्याजोगा व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजराची घाण रोजच्या रोज काढावी, आणि ती गरोदर बाईने काढू नये, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी काढावी. नवऱ्याने काढली तर काही बिघडत नाही. मातीत काम केल्यावर हात धुणं, भाजी धुणं, मटण पूर्ण शिजवणं हेही तितकंच गरजेचं, कारण जंतू त्या वाटेनेही येतो. बांधकामाच्या वाळूच्या ढिगात मांजरं घाण करतात आणि तिथेच मुलं खेळतात, तिकडेही बघा. एवढं केलं तर मांजर घरात राहू शकतं.

दम्याचं मात्र गोड बोलून चालणार नाही. काहींना मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या घटकाची ॲलर्जी असते. मांजर अंग चाटतं, ते केसांवर वाळतं आणि घरभर उडतं. मोठ्या घरात मांजराची खोली वेगळी ठेवता येते. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत काय वेगळं करणार? मुलाला मांजराजवळ गेल्यावर दम लागत असेल आणि डॉक्टरही तेच सांगत असतील, तर मांजर शेजारच्या ओळखीच्या घरी द्यावं, जिथे मुलाला ते अंगणातून दिसत राहील. पोटात केस गेले की माणूस मरतो, या बोलण्याला मात्र काही आधार नाही.

आणि मांजर मरतं तेव्हा. गाडीखाली येतं, कुत्री फाडतात, कधी उंदराचं औषध खाल्लेला उंदीर खाऊन जातं. रडणाऱ्या म्हातारीला लोक म्हणतात, मांजरासाठी काय रडते, दुसरं आण. असं बोलू नका. एकट्या बाईसाठी ते तिच्या दिवसाचं घड्याळ होतं. पहिले आठ-पंधरा दिवस शेजारणींनी तिच्याकडे जाऊन बसावं, ताट घेऊन जावं, तिच्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत का ते बघावं. लहान मुलाला मनी पळून गेली असं खोटं सांगू नये, ते महिनोन्‌महिने हाका मारत फिरतं. मेली म्हणून सांगावं, जमलं तर पुरताना बरोबर न्यावं. कोणाचं जेवण-झोप दोन-तीन आठवड्यांनंतरही जागेवर येत नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन करावा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मांजरासाठी फोन केला म्हणून तिथे कोणी हसत नाही.

दिवाळीनंतर टोळ्या निघतील. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी निघण्याआधी तिची लस आणि जमल्यास पिल्लं न होण्याचं ऑपरेशन पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावं. घरी कोणी राहणार नसेल तर मनीला ट्रॅक्टरवर बसवून कारखान्यावर नेऊ नका, ओळखीची जागा सुटली की ती फडातून हरवते. शेजारच्या ज्या घरी ती आधीपासून जाते-येते तिथे बोलून ठेवा, आणि भाकरीपुरतं पीठ किंवा धान्य त्यांच्याकडे ठेवून जा. आजी मागे राहणार असेल तर तिच्या गोळ्या, आशाताईंचा नंबर आणि शेजारच्या एका घराचा नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहा. फोन कराल तेव्हा मनीची चौकशी जरूर करा. तिच्याबद्दल सांगता सांगता आजी स्वतःचंही सांगते. नुसतं कशी आहेस विचारलं तर बरी आहे म्हणून फोन ठेवते.